कोंबडी चार आण्यांची, पण मसाला कोणाचा?

पत्र असं आहे:

"मी २९ वर्षांचा आहे. नोकरी खुर्चीतली, पण हाताला गाडीकामाची आवड. स्वतःच्या मोटरसायकलचं इंजिन दोनदा खोलून बसवलंय. परवा भंगार यार्डात १० वर्षं जुनी एक सेडान बघितली. विम्यात टोटल लॉस झालेली, पुढून डाव्या अंगाला ठोकलेली. बोनेट, हेडलाइट, मडगार्ड गेलंय. दीड वर्ष तिथेच उभी आहे, तरी बाहेरची बॅटरी लावल्यावर पहिल्या सेल्फला सुरू झाली! यार्डवाला म्हणतो, नुसतं पत्र्याचं काम आहे. एअरबॅग फुटलेल्या दिसत नाहीत. डावीकडचं पुढचं दार जरा उचलून लावावं लागतं, ड्रायव्हरचा सीटबेल्ट अडकलाय आणि आत कोंदट वास येतो, पण भंगारातल्या गाडीत एवढं चालायचंच. माझ्याकडे वर्षभर वापरता येईल अशी झाकलेली जागा आहे. मित्र म्हणतो, सोनं आहे, उचल. दाजी म्हणतात, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. घेऊ का? घेतली तर रंग बदलून काळा करावा असं मनात आहे, त्याबद्दलही सांगा."

तुमच्या पत्रात यार्डवाला बोलतो, मित्र बोलतो, दाजी बोलतात. गाडीही बोलली आहे, पण तिचं बोलणं तुम्ही "एवढं चालायचंच" म्हणून उडवून लावलंत. उचलून लावावं लागणारं दार, अडकलेला बेल्ट, कोंदट वास. या तिघांकडे येतोच. आधी दाजींच्या कोंबडीचा हिशेब करू, कारण ते अर्धे बरोबर आहेत.

म्हण खरी आहे. पण त्या म्हणीतला मसाला बाजारातून विकत आणायचा असतो. तो घरचा असेल तर बारा आणे लागत नाहीत, आणि भंगारातल्या गाडीचा सगळा प्रश्न इथेच आहे: मसाल्यातला किती भाग घरचा?

टोटल लॉस म्हणजे गाडी मेली असं नव्हे. विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो, तुटलेल्या वस्तूंची यादी करतो, नव्या पार्टच्या किमती, गॅरेजची मजुरी आणि रंगकाम मांडतो. दुसऱ्या बाजूला अपघाताआधी गाडीची किंमत काय होती आणि आहे त्या अवस्थेत विकून काय येईल, हे लिहितो. दुरुस्ती जड झाली की फाइल बंद. म्हणजे तुम्ही गाडी बघायच्या आधीच एका माणसाने, ज्याचं रोजचं काम हेच आहे, कागदावर मांडून ठरवलंय की ही दुरुस्त करणं परवडत नाही. मग ते तुम्हाला का परवडावं? त्याच्याकडे नाही असं तुमच्याकडे काय आहे? नवे पार्ट काही तुम्हाला त्याच्यापेक्षा स्वस्तात मिळणार नाहीत. तुमच्याकडे आहेत रिकाम्या संध्याकाळी, ज्यांची मजुरी कोणी मागणार नाही. आणि दुसऱ्या गाडीवरून काढलेला जुना दरवाजा, जुना बोनेट लावायची मुभा, जी गॅरेजला सहसा नसते. बस, एवढंच भांडवल.

म्हणून गाडीचं नुकसान किती मोठं दिसतं हे बघू नका. ते कशाने भरून येणार आहे, हे बघा. काही नुकसान तासांनी भरतं: सीट आणि कार्पेट काढून वाळवणं, वायरिंग शोधत बसणं, जाम झालेलं इंजिन खोलणं, बोल्टवर बसणारे पत्रे बदलणं. सर्व्हेअरच्या कागदावर ही कामं महाग असतात, तुमच्या कागदावर जवळजवळ फुकट. काही नुकसान फक्त पैशाने भरतं: एअरबॅग, त्या कधी उघडायच्या ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे कंट्रोल मॉड्यूल, सेन्सर, बेल्ट. तिथे तुम्ही आणि सर्व्हेअर एकाच रांगेत उभे. आणि काही नुकसान असं असतं की त्याला वाकलेला सांगाडा ओढून सरळ करणारा बेंच, मोजमापाची यंत्रणा आणि ते जाणणारा माणूसच लागतो. तिथे तुमच्या संध्याकाळींचा काही उपयोग नाही.

आता तुमची गाडी यातल्या कुठल्या ढिगात बसते ते बघू. बेल्टपासून सुरुवात करतो.

सीटबेल्टच्या रिळात एक प्रिटेन्शनर असतो. जोराची धडक बसली की त्यातली छोटी स्फोटक कांडी उडते आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात बेल्ट माणसाला सीटला आवळतो. हे काम तो आयुष्यात एकदाच करतो. त्यानंतर बेल्ट बहुतेक वेळा तिथेच घट्ट बसून राहतो, ना पुढे येतो ना मागे जातो. तो दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो. अर्थात बेल्ट अडकण्याचं एक निरुपद्रवी कारणही आहे. गाडी तिरकी झाल्यावर बेल्ट धरून ठेवणारी एक साधी यांत्रिक खिट्टी रिळात असते. यार्डात गाडी एका अंगाला बरीच कलून उभी असेल, तर ती खिट्टी पडूनही बेल्ट अडकतो. तेव्हा यार्डवाल्याला सांगून गाडी सपाटीवर घ्या आणि बेल्ट हळूच ओढा. सुटला तर एक ओझं उतरलं. नाही सुटला, तर धडक प्रिटेन्शनर उडावा एवढी मोठी होती असंच धरून चाला.

आणि मग तुमचं ते वाक्य उरतं, "एअरबॅग फुटलेल्या दिसत नाहीत". दिसत नाहीत म्हणजे फुटल्या नाहीत, असं मी तरी म्हणणार नाही. काही गाड्यांत कमी धडकेला नुसता प्रिटेन्शनर उडतो आणि एअरबॅग थांबतात, हे खरं. पण विकायच्या आधी फुटलेली बॅग कापून काढून वर झाकण बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. किल्ली फिरवून फक्त इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड नोंदलेला आहे. मुळीच लागला नाही, तर तो कोणीतरी लागू दिलेला नाही, आणि मला तरी हे दोन्हींतलं जास्त वाईट वाटतं. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग आणि कडेच्या रिंगचा रंग दिवसाउजेडी शेजारी शेजारी बघा. दहा वर्षं एकाच उन्हात तापलेलं प्लॅस्टिक एकाच छटेचं होतं. मग डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा, पण एअरबॅग मॉड्यूल वाचणारा लावा. स्वस्तातले बरेचसे स्कॅनर इंजिनापलीकडे बघत नाहीत. धडकेची नोंद सहसा मॉड्यूलमध्ये राहते.

"मग दुसऱ्या भंगार गाडीची एअरबॅग काढून लावेन," असं मनात आलं असेल तर ते तिथेच सोडा. टाकाटा या जपानी कंपनीचं प्रकरण आठवा. त्यांच्या बॅगा फुगवणाऱ्या डबीतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडत गेलं. बॅग उघडताना धातूची डबीच फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसले, माणसं गेली. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भंगारात मिळणाऱ्या बॅगेने किती उन्हाळे काढलेत, ती भिजली होती का, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. या एका बाबतीत जुना पार्ट नको.

आता दार. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा साक्षीदार हाच.

दार उचलून लावावं लागतं याची दोन कारणं असू शकतात. एक, बिजागरीची पिन झिजली. जुन्या गाडीत, खास करून ड्रायव्हरच्या दाराला, हे होतं आणि ते संध्याकाळचं काम आहे. दुसरं, बिजागरी जिथे बसते तो खांब, विंडस्क्रीनच्या कडेने छपराकडे जाणारा ए-पिलर, धडकेने मागे सरकला. तुमची गाडी पुढून डावीकडे ठोकलेली आणि दारही पुढचं डावंच, म्हणून संशय दुसऱ्यावर आधी जातो. ओळखायचं कसं? दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून वर-खाली हलवा. बिजागरीपाशी खटखट वाजलं, हाताला ढिलाई जाणवली, तर पिन झिजली आहे, आनंद करा. दार टणक आहे आणि तरी चौकटीत बसत नाही, तर चौकट हललेली आहे. मग दार लावून मागच्या कडेची फट बघा. वर आणि खाली सारखी आहे का? जाड पुठ्ठ्याचा तुकडा वरच्या फटीत घट्ट बसतो आणि खालच्या फटीत सैल फिरतो, असं व्हायला नको. पिलर जिथे छपराला भेटतो तिथे पत्र्यावर बारीकशी सुरकुती, रंगाला तडा, आत पाय ठेवायच्या जागेच्या पत्र्याला घडी, हेही बघा.

याला एवढं महत्त्व का देतोय? गाडीचा सांगाडा सगळीकडे सारखा कडक बनवलेला नसतो. बेला बारेनी नावाच्या मर्सिडीझच्या इंजिनिअरने माणसं बसतात तो मधला भाग टणक आणि पुढचा-मागचा मुद्दाम चुरगळणारा, अशी रचना मांडली. पेटंट १९५२ चं, आणि १९५९ च्या मर्सिडीझ डब्ल्यू १११ मध्ये ती रस्त्यावर आली. आजची प्रत्येक गाडी त्याच तत्त्वावर आहे. पुढचा भाग चुरगळला तर त्याने आपलं काम केलं. पण मधली पेटी हलली, तर जे हलायला नको होतं ते हललं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पिलरचा पत्रा ९०० अंशांच्या आसपास तापवून साच्यातच झटकन थंड केलेला असतो, म्हणून तो साध्या पत्र्याच्या कितीतरी पट ताकदीचा होतो. असा पत्रा गॅसने लाल करून हातोड्याने सरळ केला की आकार परत येतो, ताकद येत नाही. वर रंग मारला की कोणाला कळणारही नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि तमाशा कळतो तो पुढच्या धडकेला.

हे बघायला महागडं काही लागत नाही. एक टेप, खडू आणि गवंड्याचा ओळंबा न्या. चाकं सरळ करा. डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या, मग तेच उजवीकडे. फरक आला तर अजून घाबरू नका. चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा, म्हणजे सस्पेन्शन आर्म, वाकला असेल तरी चाक मागे जातं, आणि आर्म बोल्टवर येतो, बदलता येतो. म्हणून दुसरं माप थेट सांगाड्याचं घ्या. गाडीच्या पोटाला, दोन्ही बाजूंना, कारखान्यात पकडण्यासाठी पाडलेली जोडीजोडीची गोल भोकं असतात. पुढच्या आणि मागच्या जोडीच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने चार खुणा करा आणि दोन कर्ण मोजा. डावीकडून उजवीकडे एक, उजवीकडून डावीकडे एक. चांगलं बॉडी शॉप ३ मिलिमीटरच्या आसपासचा फरक सोडून देतं. तुमच्या टेपने आणि खडूने १० आला, तर मोजण्यात चुकलात का ते बघायला पुन्हा मोजा. पुन्हा १० आला, तर गाडीला हात जोडा आणि घरी या.

(चाकांच्या मापात एक गंमत. जुन्या रेनो ४ ला डावीकडचं आणि उजवीकडचं माप कारखान्यातूनच वेगळं होतं, जवळजवळ ५ सेंटिमीटरचा फरक. मागच्या टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, एकामागे एक बसवल्या होत्या म्हणून. तेव्हा मोजण्याआधी आपल्या मॉडेलचं मूळ माप माहीत करून घ्या, नाहीतर धडधाकट गाडीला वाकडी ठरवाल.)

राहिला वास. याबद्दल मी जरा हळवा आहे, कारण मी स्वतः एकदा पाण्यात बसलेली गाडी घेतली होती. विकणारा म्हणाला, काच उघडी राहिली, पावसाचं पाणी आलं. मी सीट काढल्या, कार्पेट धुऊन वाळवलं, तेलं बदलली, गाडी पळायला लागली. सगळ्यांना दाखवत फिरलो. आठ महिन्यांनी एका रात्री वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम विझले. ब्रेक मारून काळोखात थांबलो तेव्हा पाय थरथरत होते. कारण शोधायला तीन रविवार गेले. दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात एक पांढरा कनेक्टर होता, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. उघडला तर पिनांच्या जागी हिरवी भुकटी. बोटाने पुसली तशी एक पिन भुकटीबरोबर निघून हातात आली. त्यानंतर त्या गाडीत असे सहा कनेक्टर सापडले, आणि सातवा सापडायच्या आत मी ती विकली. सगळं सांगून विकली, हेही लिहून ठेवतो.

पाऊस आत आला की पाणी गळतीखाली साठतं. पूर आत आला की गाळ अशा ठिकाणी जातो जिथे पाऊस कधी पोचत नाही. ग्लोव्ह बॉक्स काढून मागचा लोखंडी ब्रॅकेट बोटाने पुसा, सीटच्या रुळांच्या बोल्टांवर गंज बघा, स्टेपनीच्या खळग्यात, फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, शाबूत असलेल्या उजव्या हेडलाइटच्या आत मातीची आडवी रेघ शोधा. मागच्या सीटचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. गाडी धुणारा माणूस सगळं पुसतो, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा पुसायचा त्याला आठवत नाही. पट्ट्यावर डागाची रेघ दिसली तर पाणी तिथवर होतं. विंडस्क्रीन तडकलेली असेल, ओल तिच्याच खाली असेल आणि बाकी सगळं कोरडं असेल, तर तुमचा कोंदट वास हे नुसतं वाळवायचं काम आहे.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या सेल्फला सुरू झालं याचा आनंद कळतो, यार्डवाल्यालाही तो कळतो, म्हणून तर तो आधी बॅटरी आणतो. पण इंजिन हा बोल्टांवर बसलेला भाग आहे. ते खराब निघालं तर उतरवून दुसरं बसवता येतं, आणि मोटरसायकलवर हात बसलेल्या माणसाला ते जमेलही. फक्त पुढून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर फुटलेला असू शकतो, तेव्हा पाणी आहे का ते न बघता हौसेने चालू ठेवू नका. दोन मिनिटांच्या कौतुकात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, जायचं. दीड वर्षाचं पेट्रोल काढून टाका. दीड वर्षात उंदरांनी वायरिंग चाखलं असेल, तेही बघा.

आधी एखादा अपघात होऊन गेलाय का ते कळायला रंगाची जाडी मोजणारा मीटर मिळाला तर न्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या पत्र्यावर आकडा एकदम ५०० च्या वर उडाला की खाली पुट्टीचा थर आहे. मीटर नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. लोखंडी पत्र्यावर जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याआधी पुट्टी आहे.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण टेप काढायच्या आधी ते करा. चेसिस नंबर १७ आकड्या-अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत. पत्र्यावर ठोकलेला नंबर, दारातला स्टिकर आणि कागद जुळले पाहिजेत, आणि ठोकलेल्या नंबराभोवती ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या खुणा असता कामा नयेत. त्याहून मोठा प्रश्न असा की ही गाडी रस्त्यावर परत येऊ शकते का. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून विम्याने सोडलेल्या गाड्यांचे ए, बी, एस, एन असे वर्ग आहेत, आणि पहिल्या दोन वर्गांतली गाडी कितीही सुंदर दुरुस्त केली तरी रस्त्यावर येत नाही. ठिकठिकाणी नियम वेगळे, पण "फक्त सुट्या भागांसाठी" हा शिक्का बऱ्याच ठिकाणी असतो. आपल्या नोंदणी कार्यालयात आणि एका विमा कंपनीत चेसिस नंबर घेऊन जा, दुरुस्तीनंतर नोंदणी आणि विमा मिळेल का ते लेखी विचारा. यार्डवाल्याचं "सगळं होतं" हे उत्तर धरू नका.

माझं मत विचाराल तर, ही गाडी आज घेऊ नका. शनिवारी टेप-ओळंबा घेऊन जा. दाराची बिजागरीच ढिली निघाली, बेल्ट सपाटीवर सुटला, एअरबॅगचा दिवा शहाण्यासारखा लागला-विझला आणि वासाचं मूळ तडकलेल्या काचेखाली सापडलं, तर मला खोटं पाडल्याच्या आनंदात घेऊन टाका. चारपैकी दार दोषी निघालं तर बाकी तीन बघायचीही गरज नाही. मला वाटतं ते निघेल.

पण तुमची हौस मोडायची नाहीये. झाकलेली जागा, वर्षभराचा वेळ आणि शिकलेला हात, एवढं फार थोड्यांकडे असतं. गाडी चुकीची निवडताय, एवढंच. त्याच यार्डात गारपिटीचे टोले खाल्लेली गाडी शोधा. छपरापासून डिकीपर्यंत शेकडो खळगे, म्हणून विमेवाल्याला परवडत नाही, पण सांगाडा आणि सुरक्षेचं सामान अनेकदा शाबूत असतं. चोरीला जाऊन सापडलेली, सीट आणि चाकं काढून नेलेली गाडी शोधा. इंजिन जाम झालेली पण दारं बोटाने ढकलून लागणारी गाडी शोधा. या गाड्या दिसायला तुमच्यावालीपेक्षा भिकार दिसतील. सुरूही होणार नाहीत. पण त्यांचं दुखणं तासांनी बरं होणारं आहे.

आणि मॉडेल रस्त्यावर पैशाला पासरी दिसणारं घ्या. इंजिन मी एकदा तीन आठवड्यांत उभं केलंय आणि त्याच गाडीच्या मागच्या डाव्या काचेचं एक रबर शोधण्यात पुढचे सात महिने घालवलेत. गाडी चालू होती, काच खडखडत होती, आणि शेवटी ते रबर मिळालं तेव्हा ते उजव्या बाजूचं निघालं.

हिशेब घेण्याआधीच मांडा, नंतर मांडलेला हिशेब नेहमी गोड येतो. प्रत्येक तुटलेल्या वस्तूपुढे कोणाला तरी विचारलेला खरा भाव लिहा, "साधारण" नको. बाहेर करून घ्यायची कामं, म्हणजे रंग, व्हील अलाइनमेंट, वेल्डिंग, वेगळी लिहा. नोंदणीचा आणि गाडी उचलून आणण्याचा खर्च लिहा. त्यावर एक तृतीयांश चढवा, कारण गाडी खोलल्यावर जे निघतं ते खोलायच्या आधी दिसत नाही. तुमची मजुरी शून्य धरून ही बेरीज, गाडीच्या किमतीसह, त्याच मॉडेलच्या स्वच्छ इतिहासाच्या गाडीच्या ६० टक्क्यांच्या आत बसली तर मी घेतो. हा ६० चा आकडा माझा स्वतःचा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. भंगारातून उठवलेली गाडी विकताना तिचा इतिहास तिच्याबरोबर जातो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे कापतं, म्हणून मधे एवढी जागा ठेवतो. दाजींना ही बेरीज दाखवा. वेळेचा अंदाज मात्र त्यांना सांगू नका. तुम्ही जो ठरवलाय त्याच्या दुप्पट लागेल, आणि ते दर दिवाळीला विचारतील.

मित्र सोनं म्हणतोय, त्याला विचारा आठवड्यातून किती संध्याकाळी येणार. जो आकडा सांगेल त्याचा अर्धा धरा, तरी हातभार लागेल. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीच विसंबू नका, स्टँड लावा, आणि एकटे असताना खाली शिरूच नका. त्याला बोलावण्याचं खरं कारण हेच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, काळा रंग. नको. रंग बदलायचा म्हणजे दारांच्या कडा, डिकीची आतली बाजू, इंजिनाच्या खणातला पत्रा, सगळं मोकळं करून रंगवावं लागतं, नाहीतर दार उघडलं की जुना रंग आपला खिडकीतून डोकावतोय. नोंदणीच्या कागदावरही रंग लिहिलेला असतो, तो बदलून घ्यायची खेप वेगळी. आणि काळा हा सगळ्यांत चहाडखोर रंग आहे. हाताने बसवलेल्या पत्र्यावरची प्रत्येक लाट, पॉलिश पेपरचा प्रत्येक चुकलेला हात तो उन्हात उघडा पाडतो. चंदेरी असेल तर नवा दरवाजा जुन्या मडगार्डशी जुळवताना पेंटर रडेल, हे आधीच सांगून ठेवतो. पांढरी मिळाली तर मात्र पांढरीच ठेवा. पुट्टी कुठे कुठे आहे ते तुमच्याशिवाय कोणाला दिसायचं नाही.